सही नसलेला कागद

९ जानेवारी

सकाळी इथल्या सरकारच्या गस्तीनौकेने आपल्या देशाची एक टूनाची बोट ओढत बंदरात आणली. नऊ खलाशी ताब्यात, कप्तान फरार. किनारा जवळ आल्यावर त्याने पाण्यात उडी मारली म्हणे, आणि वय पन्नाशीच्या पुढचं. ओम वेम्पी, म्हणजे वेम्पीकाका, माझा इथलाच ड्रायव्हर आणि दुभाषा. या गावात कुणाच्या घरी काय शिजतं हेही त्याला ठाऊक असतं. मला इथल्या रीतीने इबू, म्हणजे बाईसाहेब, म्हणतो. तो म्हणाला, "इबू, बुडाला नसेल तो. या किनाऱ्यावरची निम्मी गावं तुमच्या लोकांची सोयरी आहेत. कुणाच्या तरी चुलीपाशी अंग सुकवत बसला असेल."

नऊही जण आपल्याकडच्या जेन्सान बंदराचे. मासळीच्या शेडमध्ये चटईवर ओळीने बसवले होते. मार नाही, उपासमार नाही. तक्रार एकच, की मासळीत मिरची फार. म्हटलं, बाबांनो, इथे आजाऱ्याच्या पेजेतही मिरची घालतात, गुमान गिळा. इंजिनवाल्याने सदऱ्याच्या आत बोटीची जागा नोंदवणारं यंत्र लपवलं होतं, ते हळूच मला दाखवलं. मी फोनवर त्याचा फोटो काढला. पाच मिनिटांत पहारेकऱ्याने यंत्र काढून नेलं, पण फोटो राहिला. त्यातल्या आकड्यांप्रमाणे बोट पकडली तेव्हा किनाऱ्यापासून एकतीस मैलांवर होती.

ही फार चांगली बातमी आहे. बारा मैलांच्या बाहेर पकडलेल्या परक्या कोळ्याला कैदेत टाकता येत नाही. बोट जप्त होते, दंड होतो, माणूस घरी जातो. बाराच्या आत असता तर पाच वर्षांपर्यंत तुरुंग. दूतावासांच्या कचेऱ्यांत तीस वर्षं हेच करते आहे, हे कलम मला जपमाळेसारखं पाठ आहे. दोन आठवड्यांत नऊच्या नऊ घरी पाठवीन.

१० जानेवारी

आपल्या परराष्ट्र खात्याच्या मुख्यालयातून उपसचिव लाक्सामानांचा फोन. एरवी हा माणूस माझ्या पत्राला महिना महिना उत्तर देत नाही, आज स्वतःहून. वीस फेब्रुवारीला दोन्ही देशांचे मंत्री सागरी सीमेच्या करारावर सह्या करणार आहेत. एकोणीस वर्षं घोळत पडलेलं काम. "पेर्पेतुआ, या बोटीचा बोभाटा नको," म्हणाले. मी म्हटलं, बोभाटा मी कधी केला? मग हवापाण्याच्या गप्पा, त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन, आणि जाता जाता म्हणाले की राजदूतांच्या यादीत माझं नाव वर सरकलंय, एप्रिलमध्ये समितीपुढे जाईल.

त्याचा बोटीशी काही संबंध नाही. ते सहज बोलले. छपन्नाव्या वर्षी माझं नाव वर नाही सरकायचं तर कुणाचं सरकायचं? माझ्या हाताखाली शिकलेली पोरं दोन-दोन राजधान्या भोगून आली.

१३ जानेवारी

पाक लासुतबरोबर जेवण (पाक म्हणजे इथलं 'श्रीयुत'). यजमान सरकारच्या परराष्ट्र खात्याचा इथला माणूस. चार वर्षं आम्ही एकमेकांचे पाय ओढतोय आणि एकमेकांना सांभाळतोय. आमचा दंडक ठरलेला. ताटात माशाचा काटा उरेपर्यंत कामाचं अक्षर काढायचं नाही. आज त्याने दोन मासे मागवले, तेव्हाच ओळखलं की काहीतरी जड आहे.

त्याचं म्हणणं असं. खलाशी दहा दिवसांत सोडतो. पण कप्तानाने हजर व्हायचं, आणि बोट बारा मैलांच्या आत होती असा जबाब द्यायचा. मी म्हटलं, बोट एकतीसवर होती, माझ्याकडे फोटो आहे. तो हसला नाही. म्हणाला, गस्तीवाल्यांनी एवढ्या लांब जाऊन धरपकड केली हे बाहेर आलं तर त्यांची शोभा होईल, त्यांची अब्रू राहू दे. कप्तानाला नावापुरता खटला, साठ दिवसांत मायदेशी.

मी विचार केला. नऊ माणसं दहा दिवसांत, एक माणूस साठ दिवसांत, आणि कोर्टात भांडायला गेलं तर सगळ्यांचं वर्ष मातीत. सौदा वाईट नाही.

मग कागद केला. आमच्या धंद्यात याला नॉन-पेपर म्हणतात. साधा कोरा कागद, वर बोधचिन्ह नाही, खाली सही नाही, तारीख नाही, कुणी कुणाला लिहिलं तेही नाही. ठरलं ते सगळं असतं, आणि गरज पडली तर तो कागद नसतोच. बाहेरच्यांना हे ऐकून हसू येतं. पण सह्याशिक्क्यांचे करार मी डोळ्यांदेखत मोडलेले पाहिलेत. असा कागद मोडलेला पाहिला नाही, कारण तो मोडला तर दुसऱ्या दिवशी तुमच्याशी जेवायला कुणी बसत नाही. पाच ओळींचा मसुदा मी केला. त्याने एक स्वल्पविराम काढला. दोन प्रती, एक त्याच्या खिशात, एक माझ्या पर्समध्ये.

१६ जानेवारी

लाक्सामानांना फोनवर सगळं सांगितलं, कागदासकट. ते म्हणाले, "हे मी ऐकलंच नाही असं समज." म्हणजे मंजुरी. त्यांच्या तोंडून याहून स्पष्ट होकार मी कधी ऐकलेला नाही.

१९ जानेवारी

कप्तान सापडला. सापडला म्हणजे ओम वेम्पीने चार दिवस कळ काढली आणि आज सांगितलं. वेम्पीच्याच बायकोच्या चुलतभावाच्या घरी आहे. "इबू, तुम्ही एकट्या येणार आणि पोलीस येणार नाहीत, असं मी घरच्यांना म्हणालोय," एवढंच बोलला आणि गाडी काढली.

दोन तासांची वाट. खोबरं वाळत घातलेलं अंगण, त्यापलीकडे लाकडी घर. कप्तान तेओपिस्तो माग्लासांग दारातच उभा होता. बुटका, खांद्याला ताकद, एका पायाला प्रवाळाची जखम, तिच्यावर कसला तरी पाला बांधलेला. मला मॅडम म्हणाला. मी आपल्या बोलीत सुरुवात केली तसा खुलला आणि मॅडमची मानांग झाले. थोरल्या बहिणीला आम्ही असं म्हणतो. घरच्यांनी केळी तळून आणली. मी त्याला कागद वाचून दाखवला. दोनदा.

त्याने केळ्यांची बशी बाजूला सारली. मग म्हणाला, "पण मानांग, आपण आत नव्हतो. मी त्या पाण्यात बापाबरोबर गेलोय. तिथून किनारा दिसतसुद्धा नाही."

"मला माहीत आहे."

"मग आत होतो म्हणून कशाला सांगू?"

"तुझी नऊ माणसं घरी जावीत म्हणून. आणि साठ दिवसांनी तूही."

त्याने कागद हातात घेतला, उलटा करून मागे पाहिलं. "यावर कुणाची सही दिसत नाही."

"म्हणून तर तो खरा आहे," मी म्हणाले. "सहीचे कागद लोकांना दाखवायला असतात. मोठी कामं अशाच कागदांवर होतात. वरवर कुणी विचारलं तर दोन्ही सरकारं नाही म्हणतील, आणि आतून दिलेला शब्द पाळतील. तीस वर्षांत माझा एकही असा कागद खोटा ठरलेला नाही."

"साधी बोट उसनी द्यायची तर आम्ही चार माणसं बसवतो साक्षीला," तो म्हणाला. मग बाहेर वेम्पीकडे पाहिलं. वेम्पीने मान हलवली. "ठीक. तुम्ही स्वतः आलात घरापर्यंत. सरकारी माणूस आमच्या घरी मेल्यावरसुद्धा येत नाही. उद्या येतो."

त्याने कागद मागितला, जवळ ठेवायला. असा कागद दुसऱ्याच्या हाती द्यायचा नसतो, हा पहिला नियम. पण तो तसा उभा होता, पायाला पाला बांधून, आणि मी दिला. चूक केली का? फोनवर प्रत आहेच.

२० जानेवारी

माग्लासांग हजर. जबाब दिला, बोट सात मैलांवर होती. आकडा कुठून आला ते मी विचारलं नाही.

३१ जानेवारी

नऊजण घरी. विमानतळावर फोटो, घरच्या वर्तमानपत्रात तिसऱ्या पानावर छापून आला, मी डावीकडून दुसरी, डोळे मिटलेले. माग्लासांगची बायको फेलिसा हिचा फोन. रडत होती, आभार मानत होती. म्हणाली, नवऱ्याने निरोप धाडलाय, एप्रिलातल्या पवित्र सप्ताहाच्या आत येतो. मी हिशेब केला, वीस मार्चला साठ दिवस होतात. म्हटलं, नक्की. मुख्यालयाची शाबासकीची तार तासाभरात आली. चांगल्या कामाची दखल घेतात, नाही असं नाही.

२० फेब्रुवारी

सह्या झाल्या. सगळी कचेरी टीव्हीसमोर. मंत्र्यांनी जेवणानंतर गाणं म्हटलं. आपला माणूस बेसूर, त्यांचा त्याहून. लोक टाळ्या पिटत होते. पाक लासुतची बढती झाली, उद्याच राजधानीला निघतोय. जाताना नारळाचा केक पाठवला आणि एक ओळीची चिठ्ठी, सांभाळून राहा. प्रेमळ माणूस.

संध्याकाळी कराराचा नकाशा आला. गंमत म्हणून माझ्या फोटोतली जागा त्यावर शोधली. नवी रेघ तिथून चार मैलांवरून जाते, आणि आता ती जागा त्यांच्या बाजूला आहे. जानेवारीत ती कुणाचीच ठरलेली नव्हती. तेव्हा कोर्टात एकतीस मैलांचा विषय निघाला असता तर हे पाणी कुणाचं, हाही निघाला असता, आणि सह्या पुन्हा एकोणीस वर्षं लांबल्या असत्या. नशीब, निघाला नाही. योगायोग कसे जुळतात पाहा.

१४ मार्च

सरकारी वकिलाने पाच वर्षं मागितली.

लासुतच्या खुर्चीवर आता एक तरुण गृहस्थ आहेत. कपड्यांना घडी, बोलण्यालाही. मी कागदाची आठवण करून दिली. त्यांनी विचारलं, कुठला कागद? मी फोनवरची प्रत दाखवली. त्यांनी चष्मा लावून वाचली आणि म्हणाले की मसुदा सुंदर आहे, पण हा कुणी कुणाला लिहिलाय? वरतून मला चहात साखर किती असं विचारलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. लासुतला आठ फोन केले. आठही वेळा तो बैठकीत.

१७ मार्च

लाक्सामानांना सगळं ऐकवलं. म्हटलं, मंत्र्यांच्या पातळीवर बोला, आपण शब्द दिलाय.

"आपण?" ते म्हणाले. "पेर्पेतुआ, त्या कागदावर कुणाची सही आहे?"

मी म्हटलं, तुम्हाला मी सोळा जानेवारीला सांगितलं होतं. ते म्हणाले, तेव्हाच म्हणालो होतो, मी ऐकलं नाही. करार होऊन महिना झाला नाही, त्यात एका कोळ्यापायी खडे टाकायचे का, असं मलाच विचारलं. मग आवाज मऊ केला. समिती तीन एप्रिलला बसते आहे, म्हणाले, तब्येतीला जप.

आपलेच दात, आपलेच ओठ. तीस वर्षं मी दुसऱ्यांना हीच वाक्यं ऐकवली आहेत, अगदी याच आवाजात. मला वाटायचं ती पलीकडच्यांसाठी असतात.

२१ मार्च

काल साठ दिवस झाले. फेलिसाचा फोन मी घेतला नाही.

दुपारी माग्लासांगची वकील आली, मेइती वोवोर. सरकारने नेमून दिलेली, तिशीची, स्कूटरवरून, हेल्मेट काखेत. अशा नेमलेल्या वकिलांना कुणी विचारत नाही, पण ही धारदार आहे. म्हणाली, अशिलाचा जबाब खोटा आहे हे तिला कळतं. एवढ्या मोठ्या बोटी सात मैलांवर टूना धरायला येत नाहीत, तिचे स्वतःचे मामा कोळी आहेत. त्याला विचारलं तर तो हसतो आणि गप्प बसतो. कुणीतरी त्याला काहीतरी सांगितलंय. "इबू, बोट कुठे होती याचा एक पुरावा मिळाला ना, तर कैद होऊच शकत नाही. कुणी ते यंत्र पाहिलं होतं का?"

फोन माझ्यासमोर टेबलावर पालथा पडला होता.

मी म्हटलं, लेखी विचारा. राजनैतिक अधिकाऱ्याला साक्षीला बोलावता येत नाही, तुम्हाला ठाऊक असेल. ती म्हणाली, बोलावता येत नाही, पण यायला तुम्हाला कुणी अडवत नाही. पोरीने नेमकं बोट ठेवलं. मी तिला चहासुद्धा विचारला नाही.

२४ मार्च

तिचं पत्र आलं. दोन प्रश्न. अशिलाला सवलतीचं काही वचन दिलं होतं का? बोटीच्या जागेबद्दल कचेरीकडे काही माहिती आहे का?

दिवसभर उत्तराला बसले. पहिला मसुदा खरा केला, फोटोसकट, आणि पाकिटातही घातला. मग विचार केला की हे पाठवलं तर काय होईल. करार हादरेल, वर्तमानपत्रं दोन्हीकडे पेटतील, मुख्यालय मला परत बोलावेल, आणि एवढं करून न्यायाधीश फोटो मानेलच असं नाही. शिवाय राजदूत झाल्यावर माझ्या शब्दाला वजन येईल. वरच्या खुर्चीतून मी त्याच्यासाठी जे करू शकेन ते इथून नाही. हा विचार पूर्णपणे त्याच्याच हिताचा आहे. मी तो सगळ्या बाजूंनी तपासून पाहिला.

पाचवा मसुदा गेला : या कचेरीस अशा कोणत्याही कागदाची वा माहितीची जाणीव नाही. सन्माननीय वकिलांविषयी अत्युच्च आदर व्यक्त करण्याची ही संधी कचेरी घेत आहे.

टपाल नेताना ओम वेम्पी पाकीट हातात धरून जरा वेळ उभा राहिला. दात दुखतोय म्हणाला. हल्ली गाडीत अजिबात बोलत नाही. मी त्याला लवंग दिली.

६ एप्रिल

झालं. समितीने एकमताने राजदूत केलं. दोन लहान देश आणि एक बेट, पण गाडीवर झेंडा. थोरल्या बहिणीने घरी पाद्री बोलावून आभाराची मिस्सा म्हणवून घेतली. मी खूप वेळ खिडकीशी बसले आणि मला आनंद होईना. दमले असेन. पवित्र गुरुवार, कचेरी बंद, गावात सगळीकडे शुकशुकाट. फेलिसाचा निरोप फोनवर पडलाय, तिने त्याच्यासाठी नवा सदरा शिवलाय.

११ एप्रिल

पाच वर्षं. मी कोर्टात गेले नाही. वेम्पी गेला होता, रजा टाकून.

१९ एप्रिल

जायच्या आधी तुरुंगात जाऊन आले. जायलाच हवं असं काही नव्हतं. शब्द तयार करून गेले होते. वाटलं, तो शिव्या देईल, आणि द्याव्यात असंच मला वाटत होतं. निदान एकदाची मोकळी झाले असते.

तो हसत आला. बारीक झालाय, पाय भरलाय. इथल्या कैद्यांना जाळी विणायला शिकवतो म्हणाला, मिरचीची सवय झाली म्हणाला. मग पहारेकरी लांब गेला तसा पुढे वाकला.

"मानांग, वकीलबाईंनी तुमचं पत्र दाखवलं. रडवेल्या झाल्या होत्या बिचाऱ्या. मीच समजूत घातली."

"काय समजूत घातलीस?"

"म्हटलं, हे असंच असतं. वरून नाही म्हणायचं, आतून काम करायचं. त्यांना कुठलं कळायला. न्यायाधीशांनी मला विचारलं, तुला कुणी काही वचन दिलं होतं का, तर मी पण नाही म्हणालो. कागद जाळून टाकला त्याच दिवशी, तुम्हाला त्रास नको म्हणून. बरोबर केलं ना?"

माझ्या तोंडून निघालं, "बरोबर केलंस."

त्याला बरं वाटलं. पाच वर्षांची शिक्षा ऐकून एक दिवस घाबरलो होतो, म्हणाला, मग लक्षात आलं, हेही दाखवायलाच असणार. फेलिसाला तसं कळवलंय. मी तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण तो इतका निवांत बसला होता, आणि ते हिरावून घेऊन त्याला द्यायला माझ्याकडे दुसरं काय होतं? माणसाची आशा काढून घेणं हे पाप आहे. मी नाही ते केलं.

"तुमची बदली झाली म्हणे," तो म्हणाला. "नव्या साहेबांना सगळं ठाऊक आहे ना?"

"त्यांना लिहून ठेवते."

"माझी बराक लिहून घ्या. चौथी, मागच्या बाजूची. दोन माग्लासांग आहेत इथे, नाहीतर साहेब भलत्यालाच सोडवतील." आणि स्वतःच्याच विनोदावर हसला. मी त्याच्यासमोर वहीत लिहून घेतलं. त्याने वाकून तपासलं.

२२ एप्रिल

परवा निघायचं. आज नव्या माणसासाठी कार्यभाराचं टिपण पूर्ण केलं. ठरलेला नमुना, सात कलमं. व्हिसाच्या खोलीतला एसी गळतो. छतावरचा झेंडा विटलाय, नवा मागवलाय. बिशपना दर तिमाहीला जेवायला बोलवावं, डुकराचं मांस चालतं, वटवाघूळ आवडतं. परराष्ट्र खात्याचे नवे गृहस्थ पीत नाहीत, त्यांना सकाळी गाठावं. ड्रायव्हर वेम्पी यांनी महिनाअखेर काम सोडण्याचा अर्ज दिला आहे, कारण दातांचा त्रास, मंजूर करण्यास हरकत नाही.

शेवटच्या कलमाशी अडले. वही उघडून समोर ठेवली. चौथी बराक, मागची बाजू. पण नाव घातलं तर नवा माणूस विचारणार, कशाच्या आधारे प्रकरण प्रलंबित आहे? शिक्षा झाली, अपिलाची मुदत उद्या संपते, कैदी स्वतः म्हणतो वचन नव्हतं, कचेरी लेखी म्हणते माहिती नाही. आधार कुठे आहे? नियमाने पाहिलं तर मला दुसरं काही लिहिताच येत नाही.

कलम सात, प्रलंबित प्रकरणे : निरंक.